रिकामं मनगट

क्योतोच्या गियोन भागात दिवसभर भाड्याचे किमोनो नेसलेल्या मुलींचे घोळके फिरत असतात. मोठमोठी फुलं, झुळझुळीत लेस, केसांत लोंबणारे तुरे. जपानी चहाच्या विधीला, म्हणजे चानोयुला, बायका असंच काहीतरी सजून जात असतील असं फोटो पाहणाऱ्याला वाटतं. मी चहा शिकायला जाते त्या घरात ज्या बायका येतात, त्यांच्याकडे रस्त्यात कुणी वळूनही पाहणार नाही. फिकट राखाडी, फिकट हिरवा, वाळलेल्या गवताचा रंग. अंगभर तो एकच रंग, नक्षी असलीच तर विणीतली, प्रकाश तिरपा पडला तरच दिसणारी. याला इरोमुजी म्हणतात. पाठीवर मानेखाली घराण्याचं एक छोटं चिन्ह असलं की हाच साधा किमोनो औपचारिक प्रसंगालाही चालतो, आणि चहा शिकणाऱ्या बायका पहिला किमोनो शिवून घेतात तो बहुधा हाच.

साधेपणाला कारण आहे. चहाची खोली अंधारलेली असते. तोकोनोमात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, एक लिखाणाची गुंडाळी लटकवलेली आणि तिच्यासोबत एखादं रानातलं वाटावं असं फूल. यजमानाने त्या दिवसासाठी काय निवडलं हे पाहायला पाहुणे आलेले असतात. आपल्या अंगावर आधीच बागडणारी फुलं असली तर त्या एका फुलाने करायचं काय? मुरलेले पाहुणे तर याहून पुढचा विचार करतात. यजमानाने एखादी कल्पना मनात धरून भांडी मांडली असणार, मग तीच नक्षी आपल्या ओबीवर, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या रुंद पट्ट्यावर, आधीच मिरवून तिची मजा घालवायची नाही.

मला चहात ओढून नेलं ते या पोशाखाने. चहाची चव नंतर कळली.

शिकायला सुरुवात करण्याआधी सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या चहाच्या गुरूंनी, काय काढून यायचं ते सांगितलं होतं. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या. अत्तर लावायचं नाही, नखं कापलेली, केस मानेवरून वर बांधलेले. गळ्यात काही असेल तर गळपट्टीच्या आत. ओबीवर बांधतात त्या दोरीत एरवी दागिन्याचा मणी ओवतात, तोही इथे नको. सगळ्याचं कारण एकच, भांड्याला चरा जाऊ नये. चहाचा वाडगा दोन्ही हातांत घेऊन खाली वाकून पाहायचा असतो, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. कुणाच्या तरी पणजोबांनी जपलेला वाडगा असतो तो. मी विचारलं, शिकतानाची भांडी तर साधीच आहेत ना? सेन्सेई म्हणाल्या, भांडी साधी असतील, पण हाताची सवय आयत्या वेळी बदलत नाही.

अंगठी आणि घड्याळ सहज निघालं. बांगड्यांपाशी मी थांबले. मी सांगलीकडची. आमच्या घरात बाईने मनगट मोकळं ठेवणं म्हणजे काय, ते कुणी कधी शब्दांत सांगितलं नाही, पण मोठ्या होता होता प्रत्येक मुलीला ते कळतं. आईला फोनवर सांगितलं तर ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, निदान एक तरी ठेव." एकसुद्धा चालत नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "मग त्यांच्या बायका काय करतात?" मी सांगितलं की सगळ्याच काढतात, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा गेलेल्या, आणि पुरुषही घड्याळ नि अंगठी काढून ठेवतात. ते तिला पटलं की नाही ठाऊक नाही. मला मात्र त्या उत्तरानं बळ आलं. माझ्या मनगटावरून माझ्या संसाराची बातमी वाचणारं तिथे कुणी नव्हतं. मनगट मोकळं होतं ते समोरच्या मातीच्या वाडग्यासाठी, आणि या कारणासाठी मोकळं राहणं मला मनापासून आवडलं.

जपानी पोशाख लग्नाची बातमी सांगतच नाही, असं मात्र मला म्हणायचं नाही. घोट्यापर्यंत बाह्या लोंबणारा फुरिसोदे अविवाहित मुलींचा, आणि जानेवारीतल्या पहिल्या चहाला, हात्सुगामाला, तो हमखास दिसतो. लग्न झालं की बाही आखूड होते. बाईच्या कपड्यावर समाज लिहितो, तिथेही आणि इथेही. पण वाडगा हातात घेताना ते लिखाण बाजूला ठेवायला लावणारा नियम या विधीत आहे, आणि तो मोडायला कुणी धजत नाही. माझी जोडवी मात्र पायातच राहिली. अंगठा वेगळा असलेल्या पांढऱ्या ताबी मोज्यात ती अशी बसतात की कुणाला पत्ता लागत नाही आणि कुठल्या भांड्याशी त्यांचा संबंधही येत नाही.

किमोनोला शर्टासारखा खिसा नसतो, तरी पाहुण्याजवळ लागेल ते सगळं असतं. छातीशी, गळपट्टीच्या घडीत, काइशी नावाच्या कागदांची चळत. त्यावर गोड पदार्थ घ्यायचा, वाडग्याची कड बोटांनी पुसली की बोटं त्यावर टिपायची. वापरलेला कागद बाहीच्या पोटात. यजमानाला कचरा देऊन जायचं नाही. ओबीत एक छोटा मिटलेला पंखा, बाईचा साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा, पुरुषाचा त्याहून थोडा मोठा. हा पंखा वाऱ्यासाठी उघडायचा नाहीच. नमस्कार करताना तो आपल्या गुडघ्यांपुढे आडवा ठेवायचा. त्याच्या अलीकडे मी, पलीकडे यजमान, गुंडाळीवरची अक्षरं, भांडी. त्या बोटभर रुंद रेषेच्या मागे बसून वाकलं की आदर शरीराला शिकवावा लागत नाही.

चहा करणाऱ्याच्या कमरेला डाव्या बाजूला फुकुसा खोवलेला असतो. रेशमाचा चौकोनी रुमाल, बायकांचा बहुधा शेंदरी-लाल, पुरुषांचा जांभळा. तो ओढून काढायचा, ताणायचा, घडी घालायची आणि तिने चहाची डबी आणि बांबूचा चमचा पुसायचा. डबी आणि चमचा आधीच स्वच्छ असतात. तरी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुसायचं, कारण आता हे तुमच्यासाठी आहे. या एका घडीवर माझे कितीतरी गुरुवार गेले आहेत. साध्या कपड्यांत सराव करणाऱ्यांना कमरेला पट्टा बांधावा लागतो, कारण ओबी नसेल तर फुकुसा खोवणार कुठे? तेव्हा लक्षात येतं की चहाची एकेक हालचाल किमोनो नेसलेल्या शरीरातूनच घडली आहे. बाही लोंबते म्हणून हात झपकन पुढे जात नाही. झगा पायांना आवळून असतो म्हणून पावलं लहान पडतात, आणि तातामीच्या चटयांचे काठ न तुडवता चालणं सोपं होतं. ओबीमुळे पाठ ताठ राहते. जीन्स घालून मी या हालचालींची नक्कल करते, किमोनो नेसल्यावर त्या आपोआप घडतात. गुडघ्यांवर बसताना पुढची पाळ उघडू नये म्हणून चहाचे लोक घेर थोडा जास्त ठेवून शिवून घेतात. सेन्सेईंनी त्यांचा जुना किमोनो मला दिला तेव्हा त्याचा घेर हातांनी उलगडून दाखवला होता.

ऋतूही कपड्यातच असतो. ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, ऐन उन्हाळ्यात आरपार दिसणारं विरळ विणीचं कापड. हल्ली मे महिनाच इतका तापतो की पुष्कळ जणी आधीच अस्तर सोडतात आणि शहाणे शिक्षक काही म्हणत नाहीत. चुलीचीही जागा बदलते. मे ते ऑक्टोबर शेगडी वर ठेवलेली, पाहुण्यांपासून लांब. नोव्हेंबरात जमिनीतली चूल उघडतात आणि विस्तव पाहुण्यांच्या जवळ येतो. चहाच्या लोकांचं नवं वर्ष त्या दिवशी सुरू होतं.

खरा विधी खोलीच्या बाहेरच सुरू होतो. घरून घालून आलेले ताबी काढून पिशवीतले नवे, शुभ्र ताबी घालायचे. मग बागेतली वाट, जिला रोजी म्हणतात, पाणी शिंपडून ओली केलेली. काळ्या दोरीने बांधलेला एक गोटा मध्ये दिसला की समजायचं, इकडून जायचं नाही. दगडी कुंडातल्या पाण्याने हात धुवायचे, तोंड खळबळायचं. आणि मग ते छोटं दार, निजिरिगुची. साधारण ६६ सेंटिमीटर उंच. हात टेकून, डोकं खाली घालून, गुडघ्यांनी सरकत आत जायचं. सामुराईची तलवार कमरेला असेल तर तो त्यातून जाऊच शकत नाही. बाहेर तलवारींसाठी फळी असे, तिच्यावर ती ठेवून यायची.

हे सारं ऐकून कुणाही मराठी माणसाला सोवळं आठवेल. मलाही आठवलं. आजी देवघरात जायची ती वाळत घातलेलं सोवळं काठीने काढून, ते नेसून, आणि मग आम्हा मुलांना तिला शिवायची मनाई. आजीवर माझं प्रेम होतं, पण दाराशी थांबवलेल्या बाईचा चेहराही मी त्याच घरात पाहिला आहे, आणि तो विसरणं मला जमत नाही. म्हणून चहाच्या खोलीत पांढरे ताबी घालताना मी स्वतःला विचारत आले की ही स्वच्छता कुणाला लांब ठेवण्यासाठी आहे का? मला मिळालेलं उत्तर असं: इथे जो येतो तो मोजे बदलतो आणि आत येतो. आत आल्यावर दाट चहाचा, कोइचाचा, एकच वाडगा सगळे पाहुणे एकामागून एक पितात. ज्या कडेला माझे ओठ लागले ती पुसून मी वाडगा शेजारणीला देते. उष्ट्याचा विचार आपल्या हाडात इतका खोल आहे की तो वाडगा पहिल्यांदा हातात आला तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. शेजारी कोण, कुठल्या घरातलं, हे न विचारता त्या कडेला तोंड लावायचं. शुद्धतेची ही रीत माणसांना जवळ आणते. मी तिच्या बाजूने आहे.

यामागे मुख्यतः एका माणसाचा हात आहे. सेन नो रिक्यू, जन्म १५२२, साकाई बंदरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. ओदा नोबुनागा आणि नंतर तोयोतोमी हिदेयोशी या दोन सत्ताधीशांचा तो चहागुरू झाला. क्योतो आणि ओसाकाच्या मध्ये, यामाझाकीच्या स्टेशनाजवळ म्योकी-आन नावाचं मंदिर आहे. तिथली ताइ-आन ही खोली रिक्यूची मानतात. दोन तातामींची जागा. आत पाऊल टाकता येत नाही, बाहेरून वाकून पाहायचं. मातीच्या काळपट भिंती, गवताचे तुकडे त्यात दिसणारे. देशाचा सर्वांत बलाढ्य माणूस या जागेत गुडघे मुडपून बसला असेल, हे तिथे उभं राहून पाहिलं की त्या दाराची ताकद कळते. याच हिदेयोशीने सोन्याने मढवलेली, सुटी करून कुठेही नेता येणारी चहाची खोलीही करवून घेतली होती. आणि १५८७ साली कितानोच्या पाइनच्या बनात त्यानेच असा चहा मांडला की कुणीही यावं, किटली, वाडगा काय असेल ते घेऊन यावं. चहा नसेल त्याने भाजलेल्या धान्याचं पीठ पाण्यात कालवलं तरी चालेल, तातामी नसेल तर साधी चटई चालेल. दहा दिवसांचा बेत होता, तो एका दिवसात आवरला गेला. तरी ते आमंत्रण मला फार मोलाचं वाटतं.

कारण आज चहा महाग आहे. रेशमी किमोनो, ओबी, वर्षातले समारंभ, प्रत्येक पायरीच्या प्रमाणपत्राची दक्षिणा. कितीतरी तरुण मुली दारातूनच परत जातात. रिक्यूची एक गोष्ट सांगतात. गावाकडच्या एका चहावेड्याने त्याला सोन्याचं नाणं पाठवून कळवलं, माझ्यासाठी काहीतरी चांगलं भांडं घ्या. रिक्यूने साऱ्या पैशांचं पांढरं कापड घेऊन पाठवलं. वाडगा पुसायचं फडकं स्वच्छ असलं की चहा करता येतो, असा निरोप होता. ही गोष्ट प्रमाणपत्रांच्या कागदावर छापली पाहिजे असं मला वाटतं.

आज बायकांचा म्हणून ओळखला जाणारा हा विधी शतकानुशतकं मुख्यतः पुरुषांचा होता. सामुराई, भिक्षू, व्यापारी. बायका मोठ्या संख्येने आल्या त्या मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर. आतोमी काकेइ यांनी १८७५ मध्ये तोक्योत मुलींची शाळा काढली आणि शिक्षणात चहा घेतला. दोषिशा संस्थेचे संस्थापक नीजिमा जो यांची पत्नी याए, तरुणपणी बंदूक घेऊन किल्ला लढवलेली, उतारवयात चहाची गुरू झाली. तेव्हा "परंपरेने बायकांचं" असं कुणी म्हटलं की मला ही नावं सांगाविशी वाटतात. विधीही जागच्या जागी थांबलेला नाही. १८७२ च्या क्योतो प्रदर्शनात परदेशी लोक येणार, त्यांना जमिनीवर बसता येणार नाही, म्हणून उरासेन्के या चहाच्या घराण्याच्या अकराव्या प्रमुखाने, गेनगेनसाइने, टेबल-खुर्चीवरचा चहा बसवला. त्याला र्यूरेइ म्हणतात. गुडघे दुखणाऱ्या साऱ्या आज्या त्याला दुवा देतात.

आपल्या बाजूने पाहिलं तर या कथेत गोवा आहे, आणि तो मला अनपेक्षितपणे भेटला. १५९१ च्या मार्चमध्ये हिदेयोशीच्या दरबारात अलेस्सांद्रो वालिन्यानो हा जेझुइट पाद्री आला, तो गोव्यातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा दूत म्हणून. त्याने आणलेलं पत्र १५८८ सालचं, चर्मपत्रावर, रंगीत चित्रांनी सजवलेलं. आज ते क्योतोच्या म्योहो-इन मंदिराच्या मालकीचं राष्ट्रीय ठेवा आहे. याच वालिन्यानोने काही वर्षं आधी नियम घातला होता की जपानमधल्या आपल्या घरांत पाहुण्यांसाठी चहाची नीटनेटकी जागा असावी आणि ती सांभाळायला जाणता माणूस असावा. त्या भेटीनंतर दोन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, हिदेयोशीच्या हुकमाने रिक्यूला स्वतःचं पोट फाडून मरावं लागलं. त्याचं नेमकं कारण काय, यावर अजून वाद चालू आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या दरवाज्याच्या वरच्या मजल्यावर रिक्यूचा लाकडी पुतळा बसवला गेला होता, त्याच्या पायांखालून जावं लागणं हा हिदेयोशीचा अपमान झाला, असं एक कारण पुढे केलं गेलं.

त्या काळातल्या पोर्तुगीज आणि पुढे डच जहाजांतून आणखी एक गोष्ट जपानात उतरली, आपलं कापड. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं रंगवलेलं, छापलेलं सुती कापड, तिथे त्याला साराशा म्हणतात. पाण्यात न जाणारा लाल रंग सुतावर बसवणं जपानी रंगाऱ्यांना तेव्हा साधत नव्हतं, म्हणून तळहाताएवढा तुकडासुद्धा जपला जाई. चहाच्या लोकांनी त्या तुकड्यांच्या भांड्यांसाठी पिशव्या शिवल्या, पेट्यांना वेष्टनं केली. हिकोनेच्या ‘ई’ नावाच्या सरदार घराण्याचा अशा सुमारे ४५० तुकड्यांचा संग्रह तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एका चहाला यजमानांनी डबीची पिशवी पाहायला पुढे ठेवली आणि म्हणाल्या, ही तुमच्या देशातून आलेली. लहानशी वेल, विटका लाल रंग, कडेला शेकडो वर्षांच्या हातांची मऊ झीज. ज्या रंगाऱ्याने तो काढला त्याच्या घरात हे कापड कमरेला गुंडाळायलाही वापरलं गेलं असेल. इथे ते रेशमाच्या मानाने मिरवत होतं. मी कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि वेलीचं एकेक पान पाहिलं.

आता मला विचारला जाणारा प्रश्न: साडी नेसून गेलं तर चालतं का? क्योतोत येणाऱ्या मैत्रिणी, पुण्याहून येणाऱ्या मावश्या, सगळ्या विचारतात. पाहुणी म्हणून खुशाल जावं, आनंदाने स्वागत होतं. चहा करणारी म्हणून मी नेसणार नाही, कारण फुकुसा खोवायला ओबी नाही आणि वाकलं की पदर थेट पाण्याच्या भांड्यात. पाहुणीने पदर खांद्यावर घट्ट पिन करावा, टोक पुढे घेऊन कमरेला खोचावं. सुती किंवा मऊ रेशमी, एकरंगी, बारीक काठाची साडी उत्तम. भरजरी पैठणी घरी ठेवावी, जर खरखरीत असते आणि वाडगा मांडीजवळ येतो. पांढरे मोजे पिशवीत असू द्यावेत, दाराशी घालायला. गजरा नको, मन कितीही झालं तरी. खोलीत उदाचा मंद वास असतो, आणि तोकोनोमातसुद्धा उग्र वासाचं फूल ठेवत नाहीत. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवावं. बांगड्या निघत नसतील तर यजमानांना आधी सांगावं, त्या वाडगा हाताळण्याऐवजी तातामीवर ठेवूनच पाहू देतील, नाराज होणार नाहीत. गोड पदार्थ चहाच्या आधी संपवावा. प्यायच्या आधी शेजारणीला "ओसाकी नी" म्हणावं, म्हणजे तुमच्याआधी घेते. वाडग्याची पुढची बाजू तोंडाशी येणार नाही असा तो थोडा फिरवावा, आणि शेवटचा घोट आवाज करत ओढावा. आईने जन्मभर चहा भुरकू नको म्हणून दटावलेलं असलं तरी तिथे तो आवाज काढायचाच, कारण चहा संपला हे यजमानाला त्यावरून कळतं.